पोरीला पाच महिने सांगलीला आजोळी ठेवते म्हटलं तर एवढं काय बिघडलं?

विश्रामबागची लेक (मुक्काम ड्रेस्डेन)

आधी भांडणाचं मूळ सांगते. मुलगी नऊ महिन्यांची. मी इथं जर्मनीत मास्टर्सच्या शेवटच्या टप्प्यात. प्रबंधाचं सगळं काम प्रयोगशाळेत, तिथं लेकरू न्यायची सोय नाही. नवरा चिपच्या कारखान्यात, पाळ्या बदलत्या. पाळणाघराला इथं किटा म्हणतात. वर्ष पूर्ण झालं की किटात जागा हा मुलाचा कायद्यानं हक्क, २०१३ पासून. हक्क आम्हाला मे महिन्यात मिळणार, जागा मिळालीय ऑगस्टची! शिवाय पहिल्या दिवशी सोडलं आणि निघालं असं नसतं. सुरुवातीचे काही आठवडे आईनं नाहीतर बापानं तिथंच कोपऱ्यात बसून राहायचं, मग अर्धा तास बाहेर, मग तासभर. पद्धत चांगलीच आहे, पण माझा प्रबंध जुलैअखेर द्यायचाय.

म्हणून ठरवलं, फेब्रुवारीअखेर तिला सांगलीला आईकडं सोडायचं, जुलैअखेर परत आणायचं. तेव्हापासून सासरचे, माहेरचे, इथले मराठी मंडळवाले, सगळ्यांचं एकच पालुपद. "अगं, पहिलं पाऊल टाकेल ती, ते दिवस परत येत नाहीत."

पहिलं पाऊल म्हणजे काय मुहूर्ताचं लग्न आहे? सध्या ती वॉशिंग मशीनच्या काचेला धरून उभी राहते. आत कपडे फिरायला लागले की मान तिरकी करून बघत बसते, मशीन थांबलं की भोकाड. म्हणून मी रोज मशीन लावते, चार लंगोट असले तरी. हे सगळं मीच बघितलं, नवरा रात्रपाळी करून झोपलेला. ती पालथी पडली तेव्हा तो कामावर, पहिला दात दिसला तेव्हाही कामावर. त्याचं हुकलं की "बिचारा कामावर होता", माझं हुकलं की मी कसली आई. कुठं चुकते सांगा.

हरिपूरकर

काही चुकत नाही. पाठवा बिनधास्त. आमच्या घरात निम्मी पोरं आजोळीच मोठी झाली, कुणाचं काही वाकडं झालं नाही. फक्त परतीचं तिकीट जुलैच्या शेवटच्या आठवड्याचं काढू नका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटावर गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे तुम्हाला मी काय सांगायचं. २०२१ ला नेमक्या त्याच आठवड्यात पाणी चढलं होतं. बाळ सांगलीत आणि विमान मुंबईत, असं नको व्हायला.

मिरजेची सिस्टर

मी बालरुग्ण विभागात काम करते. पहिल्या पावलाचा मुद्दा मला मान्यच नाही, त्यात ताईंशी सहमत. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या मुलांवरून २००६ मध्ये मापं काढली, त्यात भारतातलीही मुलं होती. आधाराशिवाय चालायला मूल ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कधीही लागतं. म्हणजे तुमची लेक विमानतळावर चालेल नाहीतर ऑगस्टात किटात. पांगुळगाडा जरूर द्या, पण ते मध्ये बसवायचं चाकाचं वॉकर घरात आणू नका म्हणून आईला बजावून ठेवा. पायरीवरनं घसरलेली पोरं आमच्याकडं येतात.

माझा विरोध दुसऱ्या कारणानं आहे. आठव्या-नवव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत मूल माणूस ओळखून चिकटतं. अनोळखी माणूस बघून रडतं, आई नुसती न्हाणीघरात गेली तरी दाराशी बसतं. नेमकं त्याच वयात तुम्ही दोघंही एकदम गायब होणार. मूल सावरतं, सावरत नाही असं मी म्हणत नाही. पण चार महिन्यांची असताना पाठवणं आणि आत्ता पाठवणं एक नव्हे.

आणि हो, बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, तिकडं सरसकट देत नाहीत. आपल्याकडं एक वर्षाच्या आत देतात. पाठवणारच असाल तर आल्या आल्या डॉक्टरांना विचारा, तिकडची लसीची वही बरोबर द्या.

साताऱ्याची आजी

मी ठेवलंय गं नातवाला. लेक परदेशी शिकायला, हा अकरा महिन्यांचा, सात महिने माझ्याजवळ होता. रोज संध्याकाळी कडेवर घेऊन अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला फिरवायचे. लेक न्यायला आली तर हा माझ्या पदराआड. तिनं हात पुढं केले की तोंड फिरवायचा. तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी तिच्या हातचं नाचणीसत्त्व खाल्लं आणि मग तिला असा चिकटला की मला विचारीना. दोघं गेल्यावर घर मला खायला उठलं, ते कुणी विचारत नाही. गुडघा त्या सात महिन्यांत गेला तो गेलाच.

तरी पुन्हा वेळ आली तर ठेवीन. पण बाळ, तुझ्या आईला नीट विचारलंस का? "आण की" म्हणाली असेल. आम्ही दुसरं काय म्हणणार?

विश्रामबागची लेक

काकू, अगदी हेच म्हणाली. "आण की."

चहाबाज

आईलाच तिकडं बोलवा ना. पाहुण्यांच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. बाळंतपणाला आल्या असतील तर ते दिवस केव्हाच मागं पडले, आता पुन्हा ९० मिळतील. तीन महिने तरी निघतील.

विश्रामबागची लेक

विचार केला होता. पण घरी माझी आजी आहे, बाबांची आई. दिवाळीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून कॉटवरच. आईला तिला सोडून येता येत नाही.

कोरेगावचा, सध्या म्युनिक

थांबा, थांबा. तुमच्या आईला कॉटवरच्या सासूला सोडून येता येत नाही, म्हणून त्याच आईकडं तुम्ही रांगतं पोर पाठवताय? एका हातानं बेडपॅन आणि दुसऱ्या हातानं पोरगी?

आणि बाकीचे इतका वेळ पहिल्या पावलावर भांडताय, पण बाळाचे बाबा या गोष्टीत कुठं आहेत? ताई, तुम्हीच लिहिलंय की बापाचं हुकलं तर कुणी काही म्हणत नाही. पण तोडगा काढताना तुम्हीही त्याला वगळूनच काढलात! मी स्वतः लेकीसाठी रजा घेतली होती. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत बापालाही ती मिळते, नोकरी शाबूत राहते, कंपनीला नाही म्हणता येत नाही. ७ आठवडे आधी लेखी कळवायचं, बस. रजेत आठवड्याला ३२ तासांपर्यंत कामही करता येतं. पगार कमी होतो, हे खरं. माझ्या आईनं फोनवर विचारलं होतं, "नोकरी गेली काय रं?" गावात वर्षभर तीच बातमी होती.

पाठवणारच असाल तर एक लक्षात ठेवा. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर इथला राहण्याचा परवाना साधारणपणे जातो, बाळाचाही. पूर आला, ताप आला म्हणून महिना लांबला की संपलं.

विश्रामबागची लेक

दोन महिन्यांची रजा त्यानं जन्माच्या वेळी घेतली होती, भत्त्यासकट. आता घेतली तर बिनपगारी. भाडं आहे, देशात कर्जाचा हप्ता आहे. लोकांना बोलायला काय जातं. आणि आईकडं काकू आहे मदतीला, दिवसभराची बाईही लावणार आहोत.

हरिपूरकर

मग झालं की. बाई आहे, काकू आहे, पाच महिन्यांचा तर प्रश्न. बापानं घरी बसून पोर सांभाळायचं हे म्युनिकला ठीक असेल.

मिरजेची सिस्टर

हरिपूरकर, सांगलीतही ठीक असतं. करून बघा एकदा.

वाईची, आता पुण्यात

मला लहानपणी ठेवलं होतं आजीकडं. आईबाबा मस्कतला, मी दहा महिन्यांची ते दोन वर्षांची. मला विचाराल तर काहीसुद्धा आठवत नाही. जखम-बिखम काही नाही, आईशी माझं छान जमतं.

आठवतं ते आईला. मी तिशी ओलांडली तरी वाईच्या घरी कुणी जुना अल्बम काढला की ती चहा टाकायच्या निमित्तानं उठून आत जाते. गणपती घाटावरचा माझा पहिला फ्रॉक, पहिल्या वाढदिवसाचा केक, एकाही फोटोत ती नाही. त्यामुळं पोरीची काळजी करू नका. तुम्हाला झेपेल का तेवढं बघा.

साताऱ्याची आजी

माझी लेकही अल्बम बघत नाही.

विश्रामबागची लेक

दोन दिवस काही लिहिलं नाही, राग आला होता. जास्त म्युनिकवाल्या दादांचा.

नवरा काल रात्रपाळीवरून आला. चहा घेता घेता त्याला हा धागा वाचायला दिला. वाचून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, बोटानं आठवडे मोजले. आज लिहून दिलं तरी रजा मार्चअखेरीपासून, आणि तिकीट २७ फेब्रुवारीचं. म्हणाला, "मला तू विचारलंच नाहीस." मी म्हटलं, "तूही कुठं विचारलंस?" मग बराच वेळ दोघंही गप्प. पोरगी मशीनपाशी उभी, मशीन बंद, तरी काचेवर थापा मारत होती.

३२ तासांचा हिशेब मांडलाय. भाडं निघतं, हप्ता ओढून ताणून. मधल्या महिन्याचं काय करायचं ते सुचलेलं नाही. प्राध्यापकांकडं मुदत मागायला अजून धीर होत नाही. तिकीटही रद्द केलेलं नाही.

आईला यातलं काही बोललेले नाही. तिनं सुताराकडून पांगुळगाडा करून घेतलाय, लाल चाकांचा. सकाळी फोटो पाठवला. मागं आजीची कॉट दिसतीय.