खरखर आधी घरात शोधा
गच्चीवरच्या अँटेनाला जोडलेल्या शॉर्टवेव्ह रेडिओवर खरखर येते, म्हणून अँटेनाला अ‍ॅम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारं यंत्र) लावा, असा सल्ला कुणी कुणी देतात. कृपया घाई करू नका, तो सिग्नलबरोबर खरखरही वाढवतो. आधी बॅटरीवरचा रेडिओ लावून घराचा मेन स्विच बंद करा. आवाज थांबला तर दोष घरातच, बहुतेकदा एलईडी दिव्याचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारं सर्किट) किंवा स्वस्त चार्जर. मग एकेक एमसीबी (वीजपेटीतला खटका) चालू करत शोधायचं.

खरी गोम केबलमध्ये असते. कोअ‍ॅक्सच्या, म्हणजे अँटेनापासून रेडिओपर्यंत येणाऱ्या केबलच्या, धातूच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून घरातला हा गोंगाट अँटेनापर्यंत चढतो. शॉर्टवेव्हसाठी ३१ नंबरच्या फेराइट रिंगमधून (गोंगाट अडवणारं चुंबकीय पदार्थाचं कडं; ३१ हा त्या पदार्थाचा प्रकार) केबलचे ७-८ वेढे अँटेनाच्या टोकाशी घ्या. वेढे दुप्पट केले की गोंगाटाला होणारा अडथळा साधारण चौपट होतो (खालच्या फ्रिक्वेन्सींवर तरी), त्यामुळे केबलवर नुसती चिमटून बसणारी एकच फेराइट क्लिप लावून निराश होऊ नका.