युरोपात रोमिंग संपलं. मग कोकण–आखात मार्गावर का नको?

माडाखाली (धागाकर्ता)

आमच्या घरातला मोठा भाऊ कुवेतला, धाकटा जहाजावर आणि मी कल्याणला. गणपती आणि शिमगा या दोन वेळी गावी. त्यामुळे रोमिंग हा शब्द आईलाही पाठ होता. २००८-०९ च्या सुमारास पनवेल मागे पडलं की मोबाइलवर कंपनीचा मेसेज यायचा आणि तिथून पुढे आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे. कारण मुंबई (नवी मुंबई, कल्याण धरून) हे एक सर्कल, म्हणजे मोबाइल परवान्याचा एक विभाग, आणि उरलेला महाराष्ट्र अधिक गोवा हे दुसरं. सावंतवाडीचा माणूस पणजीला, म्हणजे दुसऱ्या राज्यात गेला तर रोमिंग नाही, पण कल्याणचा चाकरमानी स्वतःच्या घरी गेला तर रोमिंग! आजी आजारी असताना मी सतरा वेळा बॅलन्स बघून फोन उचलले आहेत. ते दिवस मी विसरलेलो नाही.

ही भिंत हळूहळू पडली. ट्रायने (आपल्याकडच्या दूरसंचार नियामकाने) १ जुलै २०१३ पासून रोमिंगमध्ये येणाऱ्या फोनची कमाल मर्यादा मिनिटाला १.७५ रुपयांवरून ७५ पैशांवर आणली, मे २०१५ पासून ४५ पैशांवर. पुढच्या वर्षी जिओ रोमिंग फुकट घेऊनच आली आणि बाकीच्यांना मागे यावं लागलं.

युरोपीय संघानेही असंच पायरीपायरीने केलं. २००७ मध्ये आधी मर्यादा घातली (करायच्या फोनला ४९ सेंट, येणाऱ्याला २४), मग ती दर थोड्या वर्षांनी खाली ओढली आणि १५ जून २०१७ ला जादा आकार बंदच केला. ती तरतूद आता २०३२ पर्यंत वाढवली आहे. पण त्यांचंही अर्धं काम राहिलंय. सप्टेंबर २०१३ मध्ये युरोपीय आयोगाच्या तेव्हाच्या उपाध्यक्ष नीली क्रूस यांनी सगळ्या सदस्य देशांत चालेल असा एकच परवाना सुचवला होता. देशांनी आणि तिथल्या नियामकांनी तो होऊ दिला नाही. २०१५ च्या अंतिम नियमात फक्त रोमिंग आणि नेट न्यूट्रॅलिटी (इंटरनेटवर कंपनीने भेदभाव न करण्याचा नियम) उरली. २०२४ मध्ये इटलीचे माजी पंतप्रधान एन्रिको लेत्ता आणि मारियो द्राघी यांच्या अहवालांनी तोच मुद्दा पुन्हा वर काढला: सुमारे ४५ कोटी ग्राहकांसाठी तिथे डझनावारी कंपन्या, तर अमेरिकेत आणि चीनमध्ये मूठभर.

माझं मत स्पष्ट आहे. युरोपने एक परवाना, एक नियम हे पूर्ण करावं. आणि आपण त्याच पायऱ्यांनी भारत आणि आखाती देशांमध्ये रोमिंगचा करार करावा. ज्या समुद्रावरून कोकणातली माणसं पिढ्यान्पिढ्या ये-जा करतायत, त्यावर हा टोलनाका कशाला?

---

बावनदी

असहमत. रोमिंगबद्दल नाही, "एक परवाना" याबद्दल.

२०१० च्या आसपास आपल्याकडे एकेका सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या होत्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, पुढे काही कंपन्या बुडाल्या, काही विकल्या गेल्या. आज तीन खासगी आणि एक बीएसएनएल. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले आणि गावात लोकांनी दुसरं सिम बंद केलं. दुसरा पर्याय होता कुठे?

"मोठा बाजार, मोठ्या कंपन्या, मग मोठी गुंतवणूक" हे तिथल्या कंपन्यांचं आवडतं म्हणणं आहे. उलटं उदाहरण युरोपातच सापडतं. फ्रान्समध्ये २०१२ मध्ये चौथी कंपनी आली आणि दर कोसळले. म्हणून तर ब्रिटनमधलं ओटू आणि थ्री यांचं विलीनीकरण युरोपीय आयोगाने मे २०१६ मध्ये अडवलं होतं. एक परवाना दिला की पुढची मागणी विलीनीकरणाचीच येते, हे लिहून ठेवा.

---

कसाल तिठो

अरे, आमच्या वाडयेत रेंजच नाय आणि तुम्ही रोमिंगचा काय घेवन बसलास? फोन लावचो तर वर सड्यार, मोकळ्या माळार जावचा लागता. आधी तां बघा.

---

माडाखाली

@बावनदी, कंपन्या कमी झाल्या त्या किंमतयुद्धाने आणि स्पेक्ट्रमसाठी (मोबाइलच्या लहरींसाठी) काढलेल्या कर्जाने. सर्कल मोडल्यामुळे नाही, सर्कल तर आजही २२ आहेत. देशभराचा एकच परवाना असावा ही ट्रायची शिफारस सप्टेंबर २०२४ ची, म्हणजे बाजार आटल्यानंतरची. कारण आणि परिणाम उलटे जोडू नका.

आणि सगळं कंपन्यांच्या मर्जीवर सोडलं तर काय होतं ते ब्रिटनमध्ये दिसलं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या काही मोठ्या कंपन्यांनी युरोपातल्या रोमिंगवर पुन्हा पैसे घ्यायला सुरुवात केली. नियम उठल्याबरोबर! म्हणून करार हवाच.

---

दोहा-दापोली

बारा वर्षं कतारमध्ये आहे, म्हणून लिहितो. इथे उतरल्यावर कोणी भारतातल्या सिमवरून बोलत नाही. पहिल्याच आठवड्यात इथलं सिम घेतो. घरी व्हॉट्सअॅपवर बोलणं होतं. दुबईच्या मित्रांना तेही धड जमत नाही, कारण अमिरातीत व्हॉट्सअॅप कॉल चालत नाहीत.

मग भारतातलं सिम कशाला जिवंत ठेवतो? बँकेच्या ओटीपीसाठी. रिचार्ज संपू दिला की काही महिन्यांनी नंबर जातो आणि नंबर गेला की बँक खातं, आधार, सगळंच अडतं. दोन वर्षांपूर्वी माझं रोमिंग परस्पर बंद झालं होतं. आईच्या ऑपरेशनचे पैसे भरायला तीन दिवस लागले. काकांनी तोपर्यंत गावातून उसने घेतले. परदेशी नंबरवर यूपीआय द्यायला जानेवारी २०२३ मध्ये सुरुवात झाली तेव्हा दहा देशांच्या यादीत कतार, ओमान, सौदी, अमिरात होते, कुवेत नव्हतं. धागाकर्त्याच्या भावाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले, ते बरं झालं. पण आमची खरी मागणी मिनिटाच्या दराची नाही. परदेशात असताना नंबर वर्षभर जिवंत राहावा आणि ओटीपी अडू नये, एवढीच आहे.

---

देवगड साइट

मी टॉवरच्या देखभालीचं काम करतो, सिंधुदुर्ग आणि राजापूरचा पट्टा. कसाल तिठोचं म्हणणं इथे कोणी मनावर घेतलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचा टॉवर कोकणात का बंद पडतो? जून ते सप्टेंबर लाइट जाते. बॅटरी बँक काही तास ओढते, मग जनरेटर. डिझेलचे कॅन डोक्यावरून न्यावे लागतात अशा साइट आहेत. जनरेटर चालू असला तरी फायबर तुटलेली असते, कारण मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात जेसीबीने ती किती वेळा तोडली याची मोजदाद नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मला मदतीला दापोली–मंडणगडकडे पाठवलं होतं. रस्ताभर झाडं आडवी. एका साइटवर पोचायला दोन दिवस लागले आणि खाली लोक फोन हातात धरून उभे होते, मुंबईला "आम्ही जिवंत आहोत" एवढंच सांगायला.

परवाना ब्रुसेल्सचा (म्हणजे युरोपीय संघाचा) असो की दिल्लीचा, त्यातलं काहीच त्याने बदलत नाही. खांबाला परवानगी ग्रामपंचायतीची, खोदाईला बांधकाम खात्याची, जंगलातून गेलात तर वनखात्याची. युरोपातही स्पेक्ट्रमचे लिलाव प्रत्येक देश आपापले करतो.

दुसरं, रोमिंगचा भार ज्याच्याकडे पाहुणे येतात त्याच्यावर पडतो. मे महिन्यात मालवण-तारकर्लीला या, टॉवर भरून गेलेले असतात, गावच्या माणसालाच फोन लागत नाही. युरोपात हाच वाद झाला: ग्रीस-स्पेनसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात येणाऱ्या उत्तरेकडच्या पर्यटकांचा डेटा कोणी सोसायचा? म्हणून त्यांनी कंपन्यांनी एकमेकांना द्यायचा घाऊक दरही बांधला: २०२२ मध्ये जीबीला २ युरो, २०२७ मध्ये १ युरो. ग्राहकाला दिसतं ते "फुकट". ते चालतं या घाऊक दरामुळे. धाग्यात त्याचा उल्लेखच नाही.

मला विचाराल तर सीमेपलीकडच्या रोमिंगआधी गावातलं रोमिंग करा. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ यांच्या ग्राहकांना एकमेकांचं नेटवर्क वापरता येईल अशी सुरुवात झाली. हे सगळ्या डोंगरी टॉवरना लावा. सड्यावर एकाच कंपनीचा टॉवर असतो आणि बाकी दोघांची सिमं खाली मेलेली असतात.

---

कसाल तिठो

ह्यां बरोबर बोललास. आमच्याकडे नेमका तसाच असा.

---

बावनदी

देवगड साइटशी सहमत. पण हे सगळं एका नियामकाने सगळ्या कंपन्यांवर सक्ती केली तरच होईल. म्हणजे "एक नियम" मलाही हवाय, फक्त परवान्याच्या बदल्यात टॉवरची अट हवी. ती नसेल तर कंपनी पणजी, रत्नागिरी, मुंबई घेईल आणि मधला सडा सोडेल. युरोपातही हीच भीती आहे: कंपनी ज्या देशात नोंदलेली, तिथलाच नियामक तिला विचारणार असेल, तर दुसऱ्या देशातल्या खेड्याने तक्रार कुठे न्यायची?

---

माडाखाली

घाऊक दराचा मुद्दा मान्य, तो मी सोडायला नको होता. भावाला काल विचारलं. तो म्हणाला, कॉलचं राहू दे, नंबर चालू राहायला हवा. त्यामुळे माझ्या मागणीचा क्रम बदलतो: आधी परदेशात असलेल्याचा नंबर वर्षभर न तोडण्याचा नियम, जो ट्राय एकटी करू शकते; मग डोंगरी टॉवरवर सर्वांना रोमिंग; आणि आखाताशी करार त्यानंतर, घाऊक दरासकट. एक परवाना मी अजूनही सोडलेला नाही. बावनदी यांची अट मात्र त्यात घालावी लागेल.

---

दोहा-दापोली

पहिल्या मागणीचं निवेदन लिहीत असाल तर मसुदा इथे टाका. इथल्या आमच्या मंडळातले लोक सह्या द्यायला तयार आहेत, आणि कुवेतच्या लोकांनाही विचारतो.