क्लीन आणि फझ मिक्स केलं की बेसचा लो एंडच गायब होतोय

चारतारी_इंदूर:
मंडळी, गणपतीत राजेंद्रनगरला आमच्या बँडचा कार्यक्रम आहे. गिटारवाला एकच, तो सोलोत घुसला की मागे सगळं रिकामं वाटतं, म्हणून बेस गिटारवर फझ, म्हणजे आवाज फाडून करकरीत करणारा पेडल, लावतोय. सिग्नल ए आणि बी अशा दोन वाटांनी (लूप) पाठवून परत मिसळणारा बॉसचा एलएस-२ पेडल आहे, ए लूपमध्ये गिटारचा जुना फझ, बी रिकामा म्हणजे क्लीन, इफेक्टशिवायचा मूळ आवाज. फझ एकटा ठीक, क्लीन एकटं मस्त, पण ए+बी मिक्सवर दोन्ही सारखे केले की आवाज एकदम पिचका, ओपन ई, म्हणजे सगळ्यात जाड मोकळी तार, तर जाणवतच नाही. अँपवर बेस वाढवून पाहिला, काही फरक नाही.

मंद्रसप्तक:
गिटारचा पेडल बेसला लावायचाच कशाला भिया, बॉसचा बेससाठीचा ओव्हरड्राइव्ह ओडीबी-३ घे, त्यात क्लीन मिसळायची बॅलन्सची नॉब आहे, विषय संपला.

सोल्डरवाला_काका:
नवीन घ्यायच्या आधी थांब जरा. दोन्ही एकेकटे ठीक आणि एकत्र पिचके म्हणजे तुझा फझ बहुतेक सिग्नल उलटा करून देतोय. गेन देणारा, म्हणजे सिग्नल मोठा करणारा, एक ट्रान्झिस्टर साधारणपणे सिग्नल उलटवतो, दोन असले की परत सुलटा. क्लीन वर जातं तेव्हा फझ खाली, मग ओपन ईचे ४१ हर्ट्झ एकमेकांना खाऊन टाकतात, वरची करकर तेवढी उरते कारण ती क्लीनमध्ये नसतेच. जे कटतंय ते अँपवर वाढवून काय मिळणार! एलएस-२ वर फेजचं, म्हणजे सिग्नल उलटवायचं, बटण नाही, तेव्हा बी लूपमध्ये एलपीबी-१ सारखा एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर टाक, गेन कमी ठेव, क्लीनही उलटं होईल आणि दोन्ही जुळतील.

चारतारी_इंदूर:
काका, कीबोर्डवाल्याकडे तसला बूस्टर पडला होता, लावला आणि पत्रा थरथरायला लागला! आता उलट त्रास, सगळं गढूळ येतंय, ड्रमची किकसुद्धा वेगळी कळत नाही.

सोल्डरवाला_काका:
हां, आता फझमधला लो काप. फझच्या नंतर, त्याच लूपमध्ये, ईक्यू (आवाजाचा ठरावीक पट्टा कमीजास्त करणारा पेडल) लावून २०० हर्ट्झच्या खालचं उतरव, खालचा भाग क्लीनलाच सांभाळू दे. ट्यूबस्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह पेडल क्लीनबरोबर छान बसतो तो याच कारणाने, साधारण ७२० हर्ट्झच्या खाली तो गेनच कमी देतो. आणि फझचा लेव्हल घरी ठरवू नकोस, ड्रमबरोबर ठरव, घरी जास्त वाटतो तो स्टेजवर ऐकूच येत नाही.

मंद्रसप्तक:
बरं काका, माझ्या मल्टीइफेक्टला पण हेच लागू का? त्याचा ड्राइव्ह बाहेरून क्लीनबरोबर मिक्स केला की आवाज पोकळ येतो.

सोल्डरवाला_काका:
नाही, तिथे फेज उलटवून भागणार नाही. मल्टीइफेक्ट डिजिटल असेल तर त्यातून सिग्नल एकदोन मिलिसेकंद उशिरा निघतो. आतच ब्लेंड, म्हणजे क्लीन मिसळायची सोय, असेल तर तोच वापर.