तुम्ही ‘साकू’ (कानडीत ‘पुरे’) कधी म्हणालात? (अनुभव धागा)

कपिलेश्वरजवळची
दसऱ्याची झाडलोट करूलालो होतो, ट्रंकेत सोनेतारणाची पावती सापडली. 2019 ची. पाटल्या माझ्या, ठेवल्या पोरानं. तेव्हा तो 27 चा. मोबाईलवर रमी. आधी बाईकचा हप्ता मी भरलो, मग मित्राचं देणं म्हणून भिशी उचलून 40 हजार दिलो. दरवेळी शेवटचंच म्हणायचा. पाटल्यांचं कळलं त्याच दिवशी परत दारात उभा, दोन हजार दे म्हणून. मला मराठीत शब्द सुचेना. तोंडातनं आलं ‘साकू’. ताटात जास्त वाढलं की शेजारच्या अक्का म्हणतात ते. जेवण मिळंल, रुपाया नाही, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. त्या रात्री तो जेवला, मी नाही.
तुमचं सांगा.

निपाणीकर काका
आमचा 34 चा, दारू. इकडं ड्राय डे असला की तिकडं कागलला जातो. सीमाप्रश्न फक्त त्याचाच सुटलाय.
रात्री 10 ला कडी लागणार म्हणून सांगितलं. पहिल्या रात्री मीच तीनदा उठून कडी काढून बघितली. चौथ्या रात्री ओसरीवर घोंगडं नेऊन ठेवलं. आता बायको म्हणते, नियम तुम्हीच मोडलाय. मोडला काय?

मुक्काम पुणे
दादा, कपिलेश्वरवाले, हिंमत केलीत!

कपिलेश्वरजवळची
दादा नव्हे, बाई हाय मी

शहापूरची सून
😂 पुणेकर, बेळगावात बायका ‘मी आलो, मी गेलो’च म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई ‘मी अंघोळीला जातो’ म्हणाल्या, मी सासऱ्यांना शोधत बसले.
काका, घोंगडं चालतंय. कडी तर लागली की.

खानापूर रोड
सगळ्यांना एकच माप लावू नका, प्लीज. माझ्या मुलाला स्किझोफ्रेनिया. दीड वर्ष मी त्याला आळशी समजून शिस्त लावत होते. जेवण बंद, पैसे बंद, नातेवाइकांसमोर बोलणं. धारवाडला डिमहान्सला, म्हणजे मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की त्याला आवाज ऐकू येतात. माझ्या ओरडण्यात आणि त्या आवाजांत तो मधोमध बसलेला.
आताही हद्द आहे, पण वेगळी. गोळी माझ्यासमोर घ्यायची. अंगावर हात उगारला तर भांडायचं नाही, मी शेजारी निघून जाणार. एकदा गेले, अनवाणी. परत आले तर त्याने माझ्या चपला उंबऱ्यात लावून ठेवलेल्या.
रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट.

निपाणीकर काका
ताई वाचून गप्प बसलोय.

तिसरं गेट
फोनवरनं लिहितोय, चुका माफ. पोरगा घर नावावर कर म्हणून मागं लागला असेल तर घाई करू नका. करायचंच असेल तर बक्षीसपत्रात ‘सांभाळ करायचा’ ही अट लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली, सांभाळलं नाही तर ते रद्द करून मागता येतं, अर्ज एसी (असिस्टंट कमिशनर) साहेबांकडं. आमच्यात अट लिहायची राहिली. भाऊबंद म्हणाले, पोटच्या पोराकडनं काय लिहून घेतोस. ते भाऊबंद आता फोन उचलत नाहीत.

धाकटी
मी आई नाही, बहीण. आई नाही म्हणायला शिकली तेव्हापासून दादा मला फोन करतो. आईची कडी माझ्या दाराला कोण लावणार. गेल्या महिन्यात 3000 दिलेत, आईला माहीत नाही, इथे लिहिलं तर कळायचं नाही ना?

शहापूरची सून
नाव बदललंस का? मग बिनधास्त लिही. आणि नवऱ्याला तरी सांग.

एकटी चिक्कोडी
2025 च्या कायद्यानं पैशांचे गेम बंद झाले तेव्हा आमचा म्हणाला, बघ आई, सरकारनंच सोडवलं मला. आता क्रिकेटवर लावतोय, रोख. मी म्हटलं त्याला पण सरकारच येणार काय.

मुक्काम पुणे
ताई (सॉरी!!), पाटल्या सुटल्या का शेवटी?

कपिलेश्वरजवळची
नाही, लिलावात गेल्या. आता उद्यमबागेत फौंड्रीत आहे तो. दर 10 तारखेला 1500 आणतो, हातात देत नाही, चहाच्या डब्याखाली ठेवतो. मोजत नाही म्हणून सांगतो मी. मोजतो.
किल्ली अजून कमरेलाच. माळ्यावरची भांडी राहिल्यात, जातो.