शतावरी वरून टणक, आत ओली. इन्फ्रारेड पेटीत काय चुकतंय?

माळ्यावरचा: डिसेंबरात अवकाळीनं गाठलं, अंगणातली शतावरी आत घ्यावी लागली. मग प्लायची पेटी केली. वर दोन इन्फ्रारेड हीटर, खाली जाळीचे तीन ट्रे, मागे छोटा पंखा. मुळ्या उकडून, सोलून अख्ख्याच पसरल्या. पेटीतला थर्मामीटर 50 च्या वर गेला नाही, तरी वरच्या ट्रेतल्या चार तासांत तांबूस आणि टणक. वाळल्या समजून पोत्यात भरल्या. पंधरा दिवसांनी आंबूस वास आला. एक मुळी मोडली, तर मधल्या शिरेभोवती पांढरी बुरशी. आठ किलो माल उकिरड्यावर. हीटर वाढवू की कमी करू?

ओली हळद: भाऊ, तो थर्मामीटर हवा मोजतोय, मुळी नाही. इन्फ्रारेड हवेला फारसं तापवत नाही, थेट मुळीच्या अंगावर पडतं आणि आत जेमतेम काही मिलिमीटर मुरतं. वरचा भाग ओला आहे तोवर पाणी उडताना मुळी गार राहते, घाम येऊन आपण राहतो तशी. ते पाणी संपलं की वरचा थर भराभर तापतो, त्याचं कवच होतं आणि आतली ओल कोंडते. थर्मामीटरची सुई (प्रोब) मुळीत खुपसून बघा, आकडा वेगळाच दिसेल.

शिवाय हीटर वर आणि ट्रे तीन, म्हणजे ऊन पहिल्याला, बाकीचे दोन सावलीत! एकच ट्रे, एकच थर ठेवा. उभी चीर देऊन शीर ओढून काढा. इन्फ्रारेड सुरुवातीलाच, पुढे 50 अंशांची गरम हवा. आणि दमट हवा बाहेर जायला भोक आहे ना? नसेल तर पंखा आतल्या आत वाफ फिरवतोय, मोदकपात्रच ते.

वजनकाटा: हाताला टणक लागली म्हणजे वाळली, हे सोडा. 10 किलो मुळीत 85 टक्के पाणी धरलं, तर 10 टक्के ओलीपर्यंत वाळल्यावर 1.7 किलोच्या आतच उरायला हवी. आपल्या पोत्याचा हिशेब करून बघा.

माळ्यावरचा: भोक नव्हतं. 😐 ह्याच पेटीत तुळस चालेल?

परसातली ताई: दादा, तुळशीला इन्फ्रारेड नकोच. 40 अंशांची हवा पुरे. खोलीभर घमघमाट सुटला, तर तेल पानात नाही, खोलीत गेलं समजा.

माळ्यावरचा: मागे भोक पाडलं, शिरा काढल्या, एकच ट्रे ठेवला. 5 किलोचे 900 ग्रॅम झालेत, अजून थोडी लवते. आज रात्री परत पेटीत.