दुकानाचं शटर मधूनच उचकटतात, आधी कशाचा बंदोबस्त करू?

किराणावाली_फलटण

नमस्कार मंडळी. फलटणला माझं किराणा-भुसाराचं छोटं दुकान आहे. दहा बाय अठराचा भाड्याचा गाळा, पुढे एकच शटर, दोन्ही टोकांना कुलूप, वर पत्रा. गेल्या आठवड्यात आमच्याच ओळीतलं मोबाईलचं दुकान फोडलं. दोन्ही कुलपं जशीच्या तशी, शटर मात्र मधोमध वर वाकवलेलं. तेव्हापासून आमच्या ह्यांच्या डोळ्याला डोळा नाही, रात्री-अपरात्री गाडी काढून चक्कर मारून येतात.

कॅमेरेवाला म्हणतो, चार कॅमेरे बसवा, चिंता मिटली. दीर म्हणतो, भारीतलं कुलूप आण. सासरे म्हणतात, कामाच्या पोराला आत झोपव आणि बाहेरून कुलूप लाव. माझ्याकडे ओढून-ताणून पंधरा हजार आहेत. माल म्हणजे तेलाचे डबे, काजू-बदाम, सिगारेटी, आणि गल्ल्यातली रोकड. आधी काय करू?

शटर_मिस्त्री_सातारा

राम राम ताई. शेजाऱ्याची कुलपं शाबूत होती ना? मग कुलूप बदलून काय होणार? दोन टोकांना कुलूप म्हणजे शटर कडेला घट्ट आणि मध्ये मोकळं. मधे टॉमी (लोखंडी पहार) घालायची, फट पडली की गाडीचा जॅक लावायचा. पट्ट्या वाकतात, हातभर जागा झाली की बारकं पोरगं आत. दिरांना सांगा, सात लिव्हरचं आणा नाहीतर दहाचं, त्याच जागी लावणार असाल तर पैसे पाण्यात.

मधे सेंटर लॉक बसवून घ्या. फरशी फोडून वीतभर खोल काँक्रीटमध्ये कडी गाडायची. नुसती खिट्टी ठोकून स्क्रूवर बसवलेली कडी एका हिसक्यात हातात येते, आणि बरेच जण तशीच बसवून जातात, म्हणून काम चालू असताना समोर उभ्या राहा. तळपट्टीला आतून पूर्ण रुंदीचा जाड अँगल वेल्ड करून घ्या, म्हणजे ती वाकायची नाही. अँगलने शटरचं वजन वाढतं. वरच्या स्प्रिंगला त्या हिशोबाने पीळ द्यायला लावा, नाहीतर रोज सकाळी शटर उचलताना तुमची कंबर जाईल.

मग बाजूच्या गाईड बघा, म्हणजे शटर ज्यातून वर-खाली होतं त्या खाचा. पट्टीचं टोक गाईडमध्ये दोन बोटं तरी आत हवं. काटकसरीत बसवलेल्या शटरचं टोक जेमतेम अडकलेलं असतं, मधे वाकवलं की सटकन बाहेर. गाईडचे नट बाहेरून दिसत असतील तर त्यांना वेल्डिंगचा टाका मारा. नवीन पट्ट्या टाकायची वेळ आली तर गेज विचारा: आकडा जितका कमी तितका पत्रा जाड. बावीसपेक्षा अठरा बरा.

छताचं विसरू नका. पत्र्याच्या जे-बोल्टचा नट वरच्या अंगाला असतो, पान्याने खोलतो. पुढून जमेना म्हटल्यावर गडी मागच्या भिंतीवरून वर चढणार. पत्र्याखाली दहा एमएम सळ्यांची जाळी अँगलला वेल्ड करून घ्या. सगळं पंधरा हजारात बसेल का, ते माप घेतल्याशिवाय सांगणार नाही. पण कॅमेऱ्याआधी हे.

सासऱ्यांचा मान राखून सांगतो, पोराला आत कोंडू नका. 2019 च्या मे महिन्यात पुण्याजवळ उरुळी देवाचीत साड्यांच्या दुकानाला पहाटे आग लागली. बाहेरून कुलूप होतं, आत झोपलेले पाच कामगार गेले. काजू-बदाम परत भरता येतात.

माजी_ठाणेअंमलदार

मिस्त्रींचं बरोबर आहे, लोखंड आधी. कॅमेरे चार नकोत, दोन पुरेत, पण जागेवर हवेत. छताला लावलेल्या कॅमेऱ्यात आम्हाला नुसत्या टोप्या दिसायच्या, चेहरे नाहीत. एक गल्ल्यासमोर माणसाच्या तोंडाच्या उंचीला, एक बाहेर रस्त्यावर तोंड करून. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, गल्ल्याशेजारी ठेवू नका, चोर जाताना तो आधी काखोटीला मारतो. आमच्याकडे एका दुकानातून घाईघाईत सेट-टॉप बॉक्स नेला होता, डीव्हीआर तिथंच फळीवर! नशीब सगळ्यांचंच असं नसतं. पोटमाळ्यावर पोत्यांमागे ठेवा, पण हवा लागेल असा. मीटर बाहेर असेल तर मेन स्विच पाडला की सगळं बंद, म्हणून डीव्हीआर आणि राउटरला छोटा यूपीएस द्या. शटर हललं की वाजणारा सायरन मिळतो, तो दुसऱ्या दोन कॅमेऱ्यांच्या पैशांत येईल. गल्ला रात्री रिकामा करून उघडाच ठेवा, फोडायला काही उरत नाही. दुकानाबाहेरचा दिवा रात्रभर चालू.

आणि सकाळी शटर वाकलेलं दिसलं तर आत शिरू नका. आपलीच माणसं आधी सगळं आवरून ठेवतात आणि ठसे जातात. 112 ला फोन करा, पंचनामा होईपर्यंत हात लावू नका. जुलै 2024 पासून नवा कायदा आहे. रात्रीच्या घरफोडीला भारतीय न्याय संहितेचं कलम 331, चोरीला 305. एफआयआरची प्रत फुकट मिळते, हक्काने मागा. फुटेज पेनड्राइव्हवर देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. डीव्हीआरचं घड्याळ आजच मोबाईलशी जुळवून ठेवा, नाहीतर कोर्टात पहिला वाद त्यावरच.

सर्व्हेअर_पश्चिम_महाराष्ट्र

विम्याचं कुणीच बोललं नाही. दुकानदारांसाठीच्या पॉलिसीत घरफोडीचं कलम असतं, पण बळजबरीने आत शिरल्याच्या खुणा लागतात. डुप्लिकेट चावीने उघडलं किंवा नोकराने माल नेला तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात, त्याला वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. रात्री गल्ल्यात राहिलेली रोकडही बहुधा धरत नाहीत, तिजोरीतली धरतात. सगळ्यात जास्त भांडणं होतात ती कमी रकमेच्या विम्यावरून. समजा दिवाळीच्या तोंडावर माल सहा लाखांचा आहे आणि विमा तीन लाखांचा. एक लाखाची चोरी झाली तर हातात पन्नास हजारच येतात. लोक म्हणतात, तीनच्या आतलंच आहे की, पूर्ण द्या. तसं होत नाही, विमा मालाच्या निम्म्याचा, म्हणून भरपाईही निम्मीच. खरेदीची बिलं दुकानात ठेवू नका, फोटो काढून घरी ठेवा.

किराणावाली_फलटण

सगळ्यांचे आभार. पोराचा विषय कालच संपवला, सासऱ्यांना उरुळीचं सांगितल्यावर त्यांनी स्वतःच नको म्हटलं. गाळामालक फरशी फोडायला कुरकुरत होते, पण शेजारचं शटर दाखवल्यावर खर्चात निम्मे भागीदार झाले. अँगल आणि सेंटर लॉक सोमवारी. जाळीचं काम माल न हलवता होईल का?

शटर_मिस्त्री_सातारा

नाही ताई. वरून ठिणग्या पडतात, खाली बारदान आणि तेलाचे डबे म्हणजे आगीला आवतण. जाळीचे तुकडे बाहेर बनवून आणायला सांगा, आत फक्त टाके मारायचे. तरी त्या दिवशी तेल आणि पोती बाहेर काढा, उरलेल्यावर ओली पोती टाका, पाण्याची बादली जवळ ठेवा. वेल्डर गेल्यावर लगेच कुलूप लावून घरी जाऊ नका. ठिणगी पोत्याच्या शिवणीत तासभर धुमसते.