मदत हवी आहे: रॉकी माउंटन नॅशनल पार्क (कोलोरॅडो, अमेरिका), वाइल्ड बेसिनमध्ये दोन रात्रींचा ट्रेक

वाटसरू_डेन्व्हर

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात चौघांचा बेत आहे. आम्ही दोघं इथलेच, डेन्व्हरचे. धाकटे दीर आणि जाऊबाई पुण्याहून येतायत. सह्याद्रीत चौघांनीही भरपूर मुक्काम केलेत (हरिश्चंद्रगड, राजगड-तोरणा, रतनगड), पण हिमालयात कोणीच गेलेलं नाही.

आरक्षण थंडर लेकचं झालंय, दोन्ही रात्री तिथेच. बेत असा:

शुक्रवारी रात्री दीर-जाऊ डेन्व्हरला उतरतील.
शनिवार: वाइल्ड बेसिन ट्रेलहेड (वाट सुरू होते ती जागा, 8,500 फूट) ते थंडर लेक (10,574 फूट), 6.8 मैल. मुक्काम.
रविवार: बोल्डर-ग्रँड खिंड (12,061 फूट) करून परत तळ्यावर. मुक्काम.
सोमवार: खाली.

अडलंय ते इथे:
1. पुण्याच्या मंडळींना उंचीचा त्रास होईल का? चढ फक्त दोन हजार फुटांचा आहे, तेवढा तर राजगडलाही असतो.
2. चौघांना बेअर कॅन (अस्वलाला उघडता न येणारा, जेवण ठेवायचा डबा) किती लागतील? जेवण आपलंच न्यायचं आहे, तयार पाकिटं नकोत.
3. भाड्याच्या स्लीपिंग बॅगेवर "30 डिग्री" लिहिलंय. पुरेल?
4. गॅस किती न्यावा?
5. रविवारी खिंडीसाठी किती वाजता निघावं?

कातळकडा

पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, त्यामुळे आधी त्याबद्दल.

इथे चढ किती फुटांचा हा प्रश्न दुय्यम आहे, झोपायचं किती उंचीवर हे आधी बघा. कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे 5,400 फूट. तुमचं डेन्व्हर 5,280 फूट. थोडक्यात, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर जिथे संपतं तिथे तुमचं घर आहे, आणि ट्रेकची सुरुवात त्याच्याही तीन हजार फूट वर. पुणे साधारण 1,850 फुटांवर. म्हणजे दीर-जाऊ जेमतेम दीड दिवसात 1,850 वरून 10,574 फुटांवर झोपायला जाणार. सह्याद्रीत कमावलेली पायांतली ताकद चढायला उपयोगी पडेल, पण विरळ हवेची सवय तिच्यातून होत नाही. ती सवय शरीराला फक्त वेळ देऊन होते. उलट दमदार माणसं भराभर चढतात आणि त्यांनाच रात्री त्रास होतो.

त्रास बहुतेक वेळा चढताना कळत नाही. पोचल्यावर सहा ते बारा तासांत डोकं ठणकायला लागतं, जेवण नको होतं, मळमळतं, झोप लागत नाही. "उन्हाने डोकं दुखतंय" म्हणून सोडून देऊ नका. नवीन उंचीवर डोकेदुखी आणि सोबत यातलं आणखी एक लक्षण दिसलं, की वेगळं काही सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा. मग पुढे चढायचं नाही. आराम, पाणी, साधी वेदनाशामक गोळी. सकाळपर्यंत उतार पडला नाही तर खाली निघायचं. एका सरळ रेषेत टाचेला बोटं लावून दहा पावलं टाकायला सांगा. तोल जात असेल, बोलण्यात गोंधळ असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी हेडटॉर्च लावून, सोबत घेऊन, खाली.

बेतात दोन बदल करा.

एक, शनिवारी निघू नका. शनिवारची रात्र एस्टेस पार्क गावात (7,522 फूट) काढा आणि ट्रेक रविवार ते मंगळवार करा.

दोन, पहिला मुक्काम थंडर लेकऐवजी नॉर्थ सेंट व्हरेनला बदलून मिळतो का बघा. ट्रेलहेडपासून सुमारे साडेतीन मैल, साडेनऊ हजार फुटांच्या आसपास. तिथे एक रात्र, मग थंडर लेकला एक रात्र. ती जागा भरलेली असेल तर त्याच पट्ट्यातल्या पाइन रिज, टहोसा, अ‍ॅस्पेन नोल यांपैकी कुठलीही चालेल. ट्रेलहेडवरून येताना कॅलिप्सो कॅस्केड्सच्या अलीकडे उजवीकडे एक वाट फुटते, तिला कॅम्पर्स शॉर्टकट म्हणतात, या सगळ्या जागा तिच्यावरच आहेत. मात्र जाताना किंवा येताना एकदा तरी मुख्य वाट घ्याच. शॉर्टकटने गेलात तर कॅलिप्सो आणि ऊझल फॉल्स दोन्ही चुकतात, आणि जुलैत ऊझलला पाणी जोरात असतं.

डायमॉक्सबद्दल (उंचीचा त्रास टाळायला घेतात ती गोळी): साधारणपणे 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, अशी मात्रा देतात. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, आणि पुण्यातून निघण्याआधी. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. गोळी घेतली म्हणून पहिल्याच रात्री तळ्यावर झोपायला हरकत नाही, असा अर्थ काढू नका.

शिदोरी

जेवणाचं मी सांगते. पार्कात कडक कवचाचा बेअर कॅन सक्तीचा आहे, झाडाला पिशवी टांगून चालत नाही. 11.5 लिटरचा मोठा कॅन (बेअरव्हॉल्ट 500) रिकामाच सव्वा किलोच्या आत-बाहेर भरतो, 7.2 लिटरचा लहान (450) किलोच्या थोडा आत.

हिशेब माणशी दिवसाला दीड ते दोन लिटर जागेचा धरा. पहिल्या दुपारचं जेवण वाटेतच संपतं, ते कॅनमध्ये बसवायची गरज नाही. तरी चौघांचे दोन दिवस म्हणजे 12 ते 16 लिटर. त्यात वास येणारी प्रत्येक वस्तू याच कॅनमध्ये जाते: टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, साबण, ओडोमॉस, कैलास जीवन, खोकल्याच्या गोळ्या, आणि रिकामी झालेली पाकिटंसुद्धा. कचऱ्यासाठी जागा ठेवायला लोक विसरतात आणि दुसऱ्या रात्री झाकण लागत नाही. म्हणून दोन मोठे कॅन न्या. एक मोठा एक लहान असं जमू शकतं, पण मग चिवडा विसरा. चिवडा, कुरमुरे, पापड म्हणजे पाकिटात भरलेली हवा.

आता काय शिजतं आणि काय नाही. साडेदहा हजार फुटांवर पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. गॅस कितीही मोठा केला तरी पाणी त्याच्या वर तापत नाही, फक्त आटतं. त्यामुळे तूरडाळ तासभर ठेवली तरी बोटचेपी होणार नाही, साधा तांदूळ बाहेरून चिकट आणि आत कणी राहतो. खिचडीचा विचार सोडा.

पिठलं मात्र इथे राजा आहे, कारण बेसन घरीच भाजलेलं असतं. तेलात फोडणी करून (मोहरी, जिरं, हिंग, हळद, सुकवलेला लसूण) त्यातच बेसन खमंग भाजा, तिखट-मीठ घालून गार करून पिशवीत भरा. माणशी 40 ग्रॅम बेसनाला पाव लिटर पाणी. चौघांचं 160 ग्रॅम पीठ, लिटरभर पाणी. आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्या आणि मग उकळत्या पाण्यात ओता. कोरडं टाकलंत तर गुठळ्या होतात आणि अंधारात त्या फोडत बसावं लागतं. पाच-सहा मिनिटांत होतं. सोबत दशम्या. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या इथल्या कोरड्या, गार हवेत दोन दिवस छान टिकतात. शिळी भाकरी मात्र इथे पुठ्ठ्यासारखी होते.

सकाळी उपमा: रवा घरी फोडणीत भाजलेला, माणशी 60 ग्रॅम, 200 मिली उकळतं पाणी ओतून झाकण ठेवून दहा मिनिटं. पातेलं जुन्या कापडात किंवा जॅकेटमध्ये गुंडाळा, नाहीतर थंडीने अर्ध्यातच गार होतं. चालताना खायला शेंगदाण्याचे लाडू, खजूर, गुळाची चिक्की. उंचीवर भूक मरते, त्यामुळे कितीही पौष्टिक असलं तरी न आवडणारं नेऊ नका.

कॅन तंबूपासून सत्तर पावलं (200 फूट) लांब, सपाट जमिनीवर. पाण्याच्या काठी किंवा उताराच्या कडेला नको, अस्वलाने ढकलला तर घरंगळत जातो. त्याला दोरी बांधू नका, ओढून न्यायला सोपं होतं. थंडीत झाकण घट्ट बसतं. खटका सरकत नसेल तर एखादं प्लास्टिकचं कार्ड झाकणाच्या खटक्यामागे सरकवून फिरवा. घरी दोनदा उघडून-बंद करून बघाच.

कातळकडा

शिदोरी, पिठल्याचं प्रमाण जपून ठेवतोय.

गॅस: 230 ग्रॅमचा एक डबा पुरतो. वाऱ्याच्या आडोशाला लिटरभर पाणी उकळायला 12 ते 15 ग्रॅम गॅस लागतो. तुमचा दोन रात्री-दोन सकाळींचा मेनू चहासकट 9-10 लिटरचा, म्हणजे सुमारे 150 ग्रॅम. उरलेला गॅस वाऱ्यात आणि गार पाणी तापवण्यात जातो. पिण्याचं पाणी उकळण्यावर विसंबलात तर मात्र हा हिशेब कोसळतो, कारण 6,500 फुटांच्या वर ते तीन मिनिटं खळखळ उकळावं लागतं. त्यापेक्षा पोकळ तंतूंचा फिल्टर न्या आणि रात्री तो स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. एकदा आत पाणी गोठलं की तंतू फुटतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि जिआर्डिया (पोट बिघडवणारा परजीवी) थेट बाटलीत येतो. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तेव्हा दिरांना पुण्याहून काही आणायला सांगू नका.

ओढ्याकाठी

स्लीपिंग बॅग: 30 फॅरनहाइट म्हणजे उणे 1 सेल्सियस, पण तो आकडा कसला आहे ते लेबलवर बघा. कम्फर्ट आणि लिमिट असे दोन आकडे असतात. नावात बहुतेक लिमिटचा असतो, म्हणजे माणूस अंग आखडून रात्र काढू शकेल इतपत. कम्फर्ट त्याहून पाचेक अंश सेल्सियसने वर असतो. जुलैत थंडर लेकला पहाटे 3-4 अंश ही नेहमीची गोष्ट, निरभ्र रात्री शून्यालाही टेकतं. तुमची बॅग काठावरची आहे. 20 फॅरनहाइटची घ्या.

आणि सह्याद्रीतली निळी कॅरीमॅट घरीच ठेवा. अंगाखाली बॅगेचं भरण दाबलं जातं, तिथे ऊब फक्त मॅटच देते. आर-व्हॅल्यू (मॅट थंडी किती अडवते त्याचं माप) 4 च्या आसपासची मॅट पाहिजे. बॅग महागाची आणि मॅट पातळ, मग रात्रभर पाठ गार, ही चूक सगळ्यांत जास्त होते.

कातळकडा

खिंडीबद्दल. तळ्यामागून लेक ऑफ मेनी विंड्सपर्यंत अंधुक वाट आहे, त्यापुढे आखलेली वाट नाही. शेवटचा चढ सुटी खडी आणि जुलैतही टिकणाऱ्या बर्फाचा. आइस अ‍ॅक्स वापरायची सवय नसेल तर खिंड काढून टाका. त्याऐवजी लायन लेक नंबर 1 करा. थंडर लेकच्या अलीकडे उजवीकडे वाट फुटते, तळं अकरा हजार फुटांच्या जरा वर. नॉर्थ सेंट व्हरेनहून निघून लायन लेक बघून संध्याकाळी थंडर लेकला मुक्काम, हे एका दिवसात बसतं.

वेळ: सहाला चालायला लागा, दुपारी बाराच्या आत झाडांच्या पट्ट्यात परत. इथे झाडं साधारण 11,400 फुटांवर संपतात. जुलै-ऑगस्टात सकाळ लख्ख असते आणि दुपारी एक-दोनला विजा. आपल्याकडे पाऊस दिवसभर रेंगाळतो, म्हणून "थोडं थांबून बघू" ही सवय लागलेली असते. इथे ढग वर चढायला लागले की परत फिरायचं, पाऊस पडायची वाट बघायची नाही. वीज जवळ आली तर एकट्या झाडाखाली किंवा कड्याच्या कपारीत थांबू नका, एकसारख्या उंचीच्या झाडीत, एकमेकांत अंतर ठेवून थांबा.

ओढ्याकाठी

मुक्कामाची जागा शोधताना: मुख्य वाटेवरून झाडांवरचे लाल धातूचे बाण धरून आत जायचं, चंदेरी बाण दिसला की तीच तुमची जागा. तंबू तिथेच, तळ्याकाठच्या गवतावर नाही. लावण्याआधी मान वर करून बघा. भुंग्यांनी मारलेली वाळकी झाडं या भागात पुष्कळ आहेत आणि वाऱ्यात पडतात.

शेकोटी नाही, फक्त स्टोव्ह. हायकिंग पोल आणि सॅक रात्री बाहेर टाकू नका, घामाच्या मिठासाठी मार्मोट (खारीच्या जातीचे प्राणी) पट्टे कुरतडतात. मूस (मोठ्या अंगाचं हरीण) दिसला तर 120 फूट लांब राहा, पिल्लू सोबत असेल तर आणखी. तो शांत दिसतो म्हणून फोटोला जवळ जाणारे अडचणीत येतात.

वाटसरू_डेन्व्हर

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिली रात्र टहोसाला मिळाली, दुसरी थंडर लेकची तशीच ठेवली. शनिवारी एस्टेस पार्कला राहू. खिंड रद्द, लायन लेक नक्की. 20 च्या बॅगा आणि दोन मोठे कॅन भाड्याने घेतोय.

एकच राहिलं: आरक्षणाचा ईमेल छापून नेला की झालं ना? आणि परवाना चौघांकडे वेगवेगळा लागतो का?

कातळकडा

नाही, आरक्षण म्हणजे परवाना नव्हे. बीव्हर मेडोजच्या व्हिजिटर सेंटरशेजारी वाइल्डरनेस ऑफिस आहे, तिथून परवाना घ्यायचा. शनिवारी एस्टेसलाच आहात तर तेव्हाच आटपून टाका, रविवारची सकाळ मोकळी राहील. वाइल्ड बेसिनचं पार्किंग हायवे 7 वरून आत आहे आणि ते लवकर भरतं. परवाना सगळ्या गटाला एकच. चालताना सॅकला बाहेरून दिसेल असा अडकवायचा, मुक्कामी तंबूला. गाडीसाठी वेगळा कागद देतात, तो डॅशबोर्डवर. बदललेली टहोसाची रात्र त्या परवान्यावर उतरली आहे ना, ते खिडकीपाशीच वाचून घ्या. तिथे रेंजर असतील, तेव्हा लायन लेकच्या वाटेवर बर्फ किती उरलाय तेही विचारून घ्या.